खासदाराला फॉरेनचं काय?

"बाई, ह्या खासदारांना म्हणे सरकारच फॉरेनला पाठवतं. खर्च आपला. आणि आपल्या साकवाला पैसा नाही."

वहिनी कोकमाचं एकेक सोल उलटं करत होत्या. आमच्या दोन परड्यांच्या मध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा आहे आणि मे महिन्यात तो अख्खा वहिनींच्या ताब्यात असतो. माझ्या बाजूला सावली, त्यांच्या बाजूला ऊन, त्यामुळे सोलं त्यांची आणि गप्पा दोघींच्या.

"साकव जिल्हा परिषदेचा," मी म्हटलं. "खासदाराला वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, त्यातून तो बांधूही शकतो. पण ते त्याचं मूळ काम नव्हे. कायदे करायचे, सरकारच्या खर्चावर डोळा ठेवायचा, मंत्र्याला जाब विचारायचा, ह्यासाठी तो दिल्लीला. परराष्ट्र खात्यालासुद्धा जाब विचारायचा."

"ते मोदी बघतात. नि जयशंकर."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय, मुलं तो परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विसरायची. वहिनींनी मात्र न पाठ करता बरोबर उत्तर दिलं होतं. परदेशाशी बोलणं, करार करणं हे सगळं केंद्र सरकारचं. संविधानाच्या कलम २५३ प्रमाणे करार अमलात आणण्यासाठी संसद कायदा करू शकते. पण सही करण्याआधी संसदेला विचारा, असं कुठेही लिहिलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला तहासाठी सिनेटची दोन तृतीयांश मतं जमवावी लागतात. आपल्याकडे मंत्रिमंडळात ठरलं, सही झाली, विषय संपला. खासदाराला बरेचदा ते पेपरातच कळतं, तुम्हाआम्हाला कळतं तसं.

"मग गेल्या वर्षी ते सगळे विमानात बसून गेले ते कशाला?"

गेल्या वर्षीचं म्हणजे २०२५ च्या मे महिन्यातलं. ऑपरेशन सिंदूर झालं आणि सरकारने खासदारांची सात शिष्टमंडळं निरनिराळ्या देशांत धाडली. त्यातल्या दोन शिष्टमंडळांचं नेतृत्व महाराष्ट्राकडे. सुप्रिया सुळे कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला गेल्या. श्रीकांत शिंदे अमिरात, काँगो, सिएरा लिओन, लायबेरियाला. थरूर अमेरिकेला. म्हणजे इथे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांची माणसं एकाच टेबलाशी बसून एकच बाजू मांडून आली. मला ते बघायला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"हां, मग चांगलंच की."

"चांगलंच. पण ते धोरण ठरवायला गेले नव्हते, ठरलेलं सांगायला गेले होते. आणि त्याच दिवसांत विरोधी पक्ष इथे संसदेचं खास अधिवेशन मागत होते. ते काही झालं नाही. लोकसभेत चर्चा उभी राहिली ती २८ जुलैला, पावसाळी अधिवेशनात. म्हणजे आदिस अबाबाला आधी कळलं आणि आपल्याच सभागृहाला दोन महिन्यांनी."

वहिनींनी हातातलं सोल तसंच धरून माझ्याकडे बघितलं. "घरच्यांना शेवटी सांगायचं, ही पुरुषांची रीतच आहे."

खासदाराला बाहेर पाठवण्याची चाल नवी नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये काश्मीरवरून पाकिस्तान जिनिव्हाच्या मानवाधिकार आयोगात ठराव आणणार, तेव्हा नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व कुणाला दिलं, तर विरोधी पक्षनेते वाजपेयींना. शेजारी राज्यमंत्री सलमान खुर्शीद. पाकिस्तानला तो ठराव मागे घ्यावा लागला. पण त्याच सुमाराला, २२ फेब्रुवारीला, दिल्लीत दोन्ही सभागृहांनी काश्मीरवर एकमताने ठराव केला होता. आधी आपल्या सभागृहात बोलून घेतलं आणि मग बाहेर. मला हा क्रम आवडतो.

"आमच्या सासूबाई नाथ पैंचं सांगायच्या," वहिनी म्हणाल्या. "सभेला बायका पोरं काखोटीला मारून जायच्या. त्यांची बायको म्हणे मडमीण होती."

"ऑस्ट्रियाची. आणि ते स्वतः वेंगुर्ल्याचे."

बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा आपल्या राजापूर मतदारसंघातून निवडून गेले. त्या काळी इथल्या गावांत वीज नाही, धड रस्ता नाही, घरातला कर्ता मुंबईला गिरणीत, मनिऑर्डरीवर चूल पेटायची. आणि अशा मुलखाने दिल्लीला पाठवलेला माणूस लोकसभेत तिबेटवर, चीनवर, गोव्यावर बोलायचा. समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा तो अध्यक्षही झाला होता. आम्हाला काय त्याचं, असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्यांच्या मागून आलेले मधु दंडवते रेल्वेसाठी लक्षात राहिले, आणि ती रेल्वे झालीच पाहिजे होती. पण तेव्हापासून आपण खासदाराला रूळ, पूल आणि टॉवर एवढंच मागत आलो, असं मला वाटतं. खासदार काय, गिऱ्हाईक मागेल ते दुकानात ठेवतो.

"त्या लोकांच्या बोलण्याने फरक काय पडला पण? चीनने तर मारलंच."

वहिनी असं काही बोलतात की दोन मिनिटं थांबावं लागतं. मारलंच, खरं आहे. पण सामान्य माणसाला चीनचं प्रकरण कळलं ते खासदारांमुळे. १९५९ च्या ऑगस्टमध्ये सभागृहात प्रश्नांची सरबत्ती झाली, तेव्हा नेहरूंना अक्साई चीनमधल्या रस्त्याचं उघड बोलावं लागलं. सप्टेंबरमध्ये दोन सरकारांमधला सगळा पत्रव्यवहार श्वेतपत्रिका म्हणून संसदेपुढे ठेवला गेला. तोवर ती पत्रं खात्याच्या कपाटात होती. आणि १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये, सीमेवर लढाई चालू असताना, अधिवेशन लवकर बोलावून लोकसभेत चर्चा झाली. जवळजवळ १६५ खासदार बोलले. स्वपक्षाच्या पंतप्रधानाला लोकांनी तोंडावर सुनावलं. शत्रू दारात असताना बोलू नका, असं म्हणून तेव्हा कुणाला गप्प केलं नाही. त्याच्याशी २०२० ची तुलना करा. जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. सप्टेंबरमध्ये अधिवेशन भरलं, पण करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द. संरक्षणमंत्र्यांनी निवेदन केलं. लोकसभेत त्यावर चर्चा नाही.

"करोना होता हो. आम्ही दाराबाहेर नाही पडलो."

"तुम्ही नाही पडलात. खासदार सभागृहात येऊन बसलेच होते, मग मंत्र्याला समोरासमोर प्रश्न विचारायला काय हरकत होती?" ह्यावर वहिनींनी सोलांची दुसरी ओळ उलटायला घेतली. मी जरा आवाज चढवला होता बहुतेक.

एवढ्यात मागल्या दाराने भाऊ आले, वहिनींचे यजमान. हातात विळा, खांद्यावर पंचा. त्यांना कुठलाही विषय मधूनच लागतो. "त्या कच्चथिवूचं काय म्हणत होते टीव्हीवर? इंदिराबाईंनी बेट देऊन टाकलं म्हणे."

हा विषय माझ्या आवडीचा. कारण त्याला एक जुळी गोष्ट आहे आणि टीव्हीवाले ती कधी सांगत नाहीत. १९७४ साली, एकाच पंतप्रधानाच्या हातून, महिनाभराच्या अंतराने दोन शेजाऱ्यांशी सीमेचे दोन करार झाले. मे महिन्यात बांगलादेशाशी, जूनमध्ये श्रीलंकेशी. श्रीलंकेचा करार तिथल्या तिथे लागू झाला. जुलैमध्ये तो लोकसभेत सांगितला, विरोधकांनी आरडाओरडा केला, सभात्याग केला, आणि बेट गेलं ते गेलं. १९७६ मध्ये पुढचा करार तर दोन अधिकाऱ्यांच्या पत्रांच्या अदलाबदलीतून झाला. त्यात एकमेकांच्या पाण्यात मासेमारी करायची नाही, असं ठरलं. तेव्हा परराष्ट्रमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. रामेश्वरमचे कोळी आजपर्यंत पकडले जातायत. बांगलादेशाचा करार मात्र ४१ वर्षं लोंबकळला.

"का? इंदिराबाईंनी सही केली ना?"

"सहीने भागत नव्हतं. तिथे जमीन द्यायची होती. आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरुबारी प्रकरणात सांगून ठेवलं होतं की देशाची जमीन दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती लागेल. घटनादुरुस्ती म्हणजे दोन तृतीयांश खासदार."

"मग बेटाला का नाही लागली?"

"सरकार म्हणालं, बेट आपलं कधी ठरलंच नव्हतं. वाद होता, तो मिटवला. दिली असं म्हणायचं नाही, रेघ कुठे ते ठरवलं असं म्हणायचं."

भाऊ हसले. जमिनीच्या कज्ज्यात अख्खी हयात गेलेली माणसं आहेत ही, त्यांना वकिली मुद्दा लगेच कळतो. मी त्यांना मधू लिमयांचं सांगितलं. लिमये पुण्याचे, गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या तुरुंगात दीड वर्षाहून जास्त काढलेले, लोकसभेत मात्र बिहारच्या मुंगेरहून. १९६८ साली कच्छच्या रणावरून आंतरराष्ट्रीय लवादाने वादातल्या मुलखाचा साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला. सरकार म्हणालं, मानतो. लिमये आणि इतर काहीजण सर्वोच्च न्यायालयात गेले. खासदाराला न विचारता ही जमीन देताच कशी? लिमयांनी वकील न लावता स्वतःच बाजू मांडली. १९६९ च्या जानेवारीत निकाल विरुद्ध गेला. ही जमीन देणं नव्हे, सीमा निश्चित करणं आहे, घटनादुरुस्तीची गरज नाही. हरले, पण मला त्या हरण्याचं मोल वाटतं. सभागृहात दार बंद झालं तर खासदार दुसऱ्या दाराशी जातो, ही नुसती हौस नव्हे. जमिनीची व्याख्या सरकारने आपल्या सोयीने करू नये, एवढंच तो मागत होता. पाच वर्षांनी कच्चथिवूला तीच पळवाट वापरली गेली.

"आणि बांगलादेशाचं?"

ते ऐकायला वहिनीही थांबल्या. तिथे मुळात घोळच असा की सांगून पटत नाही. भारताच्या हद्दीत बांगलादेशाच्या जमिनीचे ५१ तुकडे आणि बांगलादेशाच्या हद्दीत भारताचे १११. जुन्या संस्थानिकांच्या वहिवाटीतून आलेले. काही तुकड्यांच्या पोटात पुन्हा दुसऱ्या देशाचा तुकडा, आणि एका ठिकाणी त्याच्याही पोटात तिसरा.

"म्हणजे माझ्या परड्यात तुमची हातभर जागा, त्या हातभर जागेत आमचा माड, आणि माडाच्या आळ्याची माती पुन्हा तुमची?" वहिनींनी विचारलं.

"अगदी तस्सं. आणि माडाला पाणी घालायला जाताना माझ्याकडून पासपोर्ट."

ह्या तुकड्यांत एक्कावन्न हजारांच्या आसपास माणसं राहत होती. नावाला कुठल्या तरी देशाची, पण ना शाळा, ना वीज, ना मतदान. पोराला शाळेत घालायचं तर बापाचं नाव खोटं लावायचं. गावात चोरी झाली तर कुठल्या पोलिसांकडे जायचं, हेच माहीत नाही. त्यांच्यासाठी कुणी मत मागायला येत नव्हतं, कारण त्यांच्याकडे मतच नव्हतं. इथे मला नेहमी थबकायला होतं. खासदार हा मतावर जगणारा माणूस. बिनमताच्या एक्कावन्न हजारांसाठी त्याने हात वर का करावा?

आणि पुष्कळ दिवस केलाही नाही. मनमोहन सिंगांनी २०११ मध्ये ढाक्याला जाऊन पुढचा मसुदा केला. २०१३ मध्ये विधेयक राज्यसभेत आणताना गोंधळ. आसामच्या खासदारांनी मंत्र्याच्या हातातले कागद हिसकावण्यापर्यंत मजल मारली. आमची जमीन जाते, असं त्यांचं म्हणणं. भाजपचाही तेव्हा विरोध. पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि विधेयक परराष्ट्र व्यवहारांच्या स्थायी समितीकडे होतं. ही समिती म्हणजे ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. अध्यक्ष तेव्हा काँग्रेसचे थरूर. दाराआड, कॅमेरे नसताना, ह्या लोकांनी अधिकाऱ्यांना बोलावलं, नकाशे पाहिले आणि २०१४ च्या डिसेंबरात एकमताने लिहून दिलं, विधेयक लवकर मंजूर करा. विरोध करणारा पक्ष आता सत्तेत होता आणि त्यालाही ते पटलं. अखेर ७ मे २०१५ ला लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य. शंभरावी घटनादुरुस्ती. ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकडे बदलले.

"शून्य?" भाऊंना तेवढंच खटकलं. "एकसुद्धा नाही म्हणाला नाही? आमच्या ग्रामसभेत दिवाबत्तीवर मत घ्या, शून्य होत नाही."

"म्हणून तर सांगते. कॅमेऱ्यासमोर भांडणारे तेच, दाराआड काम करणारेही तेच. आपण फक्त पहिलं बघतो."

थरूर-बिरूर ही मोठी माणसं, असं वहिनींचं म्हणणं पडलं. आपला खासदार त्या समितीवर असेल-नसेल. बरोबर. आणि असला तरी आपण कधी विचारलंय का, तुम्ही कुठल्या समितीवर आहात? मीसुद्धा नाही विचारलं. सत्यनारायणाला आले तर चहा घेता का विचारतो. त्या समितीच्या अहवालांत काय काय असतं! परराष्ट्र खात्याला देशाच्या अर्थसंकल्पातले शंभर रुपयांमधले चाळीसेक पैसे मिळतात, एवढ्या मोठ्या देशाला परराष्ट्र सेवेचे अधिकारी हजाराच्या आसपास आहेत, हे समिती वर्षानुवर्षं लिहिते आहे. कोण वाचतं?

भाऊ म्हणाले, "ते राहू दे. आपल्या पोटापाण्याला लागतं असं काही सांग."

"तुमची ती पांढऱ्या पेशींची गोळी." मला एकदम आठवलं. भाऊंच्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर आहे, ती इमॅटिनिब घेते, वर्षानुवर्षं, आणि चालतीफिरती आहे, गेल्या गणपतीत एकवीस मोदक वळले तिने. "ती परवडते ना, ती खासदारांमुळे."

दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

जागतिक व्यापार संघटनेत आपण १९९५ ला शिरलो. तेव्हा कबूल केलं होतं की १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही पेटंट देऊ. करार सरकारने केला. पण पेटंटचा कायदा बदलायचा तर संसद हवी. १९९५ मध्येच एकदा राज्यसभेने त्या दुरुस्तीला अडवून धरलं होतं, तेव्हा अमेरिकेने संघटनेत आपल्यावर दावा ठोकला आणि आपण हरलो. म्हणजे नाही म्हणून मोकळं होता येत नव्हतं. २००४ च्या डिसेंबरात सरकारने वटहुकूम काढला. मनमोहन सिंगांचं सरकार डाव्यांच्या टेकूवर उभं होतं, त्यांचे साठेक खासदार. त्यांनी अडवलं. असाच्या असा कायदा करायचा नाही, म्हणाले. घासाघीस झाली आणि मार्च २००५ मध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा त्यात कलम ३(ड) आणखी आवळलेलं होतं. जुन्याच औषधाचं रूप थोडं बदलून नवं पेटंट मागाल तर मिळणार नाही. गुण वाढलाय हे दाखवावं लागेल. करार मोडला नाही, कराराच्या आत राहून आपल्या माणसासाठी जागा काढली. नोव्हार्टिस कंपनीने ह्याच गोळीसाठी पेटंट मागितलं, नाकारलं गेलं, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानेही ते नाकारणं उचलून धरलं. कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, इथल्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळायची.

"मोदक एकवीस नाही, सव्वीस वळले तिने," वहिनी म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत.

भाऊंनी विळा गडग्यावर ठेवला. "तर मग जैतापूरचं पण खासदारांच्याच हातात होतं म्हणायचं."

इथे मला सांभाळून बोलावं लागतं, कारण जैतापूर आमच्या तालुक्यात आहे आणि घरोघरी त्याची दोन मतं आहेत. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वारीलवाडा इथली नऊशे हेक्टरांवर जमीन गेली. साखरी नाट्याच्या कोळ्यांनी विरोध केला, २०११ च्या एप्रिलमध्ये गोळीबार झाला, एक माणूस गेला. फ्रान्सच्या कंपनीकडून सहा अणुभट्ट्या घ्यायच्या, ९,९०० मेगावॉट. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी २०१० च्या डिसेंबरात येऊन सह्या करून गेले. त्याला आता पंधरा वर्षं झाली आणि भट्टी काही उभी राहिली नाही. आंदोलनामुळे, असं इथे अभिमानाने सांगतात. पण दिल्लीतला एक काटाही होता.

अमेरिकेशी अणुकरार झाला तेव्हा डाव्यांनी पाठिंबा काढला आणि २२ जुलै २००८ ला सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचलं. सभागृहात नोटांच्या थप्प्या दाखवल्या तो दिवस. त्या तमाशात मूळ विषय वाहून गेला, म्हणून तो दिवस मला फारसा मोजायचा नाही. मोजायचा तो दोन वर्षांनंतरचा ऑगस्ट. अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची, ह्याचा कायदा होत होता. त्याच जूनमध्ये भोपाळचा निकाल लागला होता आणि दोषींना दोनच वर्षांची शिक्षा झाल्याने लोक पेटलेले होते. विरोधी खासदारांनी लावून धरलं आणि कायद्यात कलम १७(ब) आलं. यंत्र विकणाऱ्या परदेशी कंपनीच्या मालात खोट निघाली तर तिच्याकडूनही वसूल करता येईल. अमेरिका, फ्रान्स दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढे पंतप्रधान बदलले, भेटीगाठी झाल्या, पण हे कलम प्रत्येक बैठकीत टेबलावर असायचं.

"होतं? म्हणजे आता नाही?"

"गेल्या डिसेंबरात नवा अणुकायदा आला. अणुऊर्जेचा जुना कायदा आणि हा भरपाईचा कायदा, दोन्ही गेले, ते कलमही गेलं. विरोधक म्हणत होते संयुक्त समितीकडे पाठवा, नीट बघू. नाही पाठवलं. एकापाठोपाठ दोन्ही सभागृहांत मंजूर."

ह्या कायद्याबद्दल माझं मत असं: कलम ठेवायचं की काढायचं ह्यावर शहाण्या माणसांत दुमत होऊ शकतं. वीज हवी आहे, आणि ह्या अटीवर कुणी भट्टी विकायला येत नसेल तर विचार करावाच लागेल. पण १११ तुकड्यांसाठी समितीने नकाशे पसरून बसायचं आणि ज्याच्या वाऱ्यावर आपलं घर आहे त्यासाठी समितीला वेळ नाही, हे मला पटत नाही. भाऊंना कायदाच पटला नाही. वहिनींना वाटतं भट्टी आली तर पोरं मुंबईला जायची थांबतील. आम्ही तिघं तिथे पाच मिनिटं नुसते भांडलो. त्यातलं लिहिण्यासारखं काही नाही.

"खरं म्हणजे मी विषय काढला तो वेगळ्यासाठी," वहिनी शेवटी म्हणाल्या. मग मला कळलं, साकव नुसता निमित्ताला होता. त्यांच्या भावोजींचा धाकटा मुलगा कुवेतला आहे. मालकाने पासपोर्ट काढून घेतलाय, दोन महिन्यांचा पगार अडकलाय, सुट्टी मागितली तर दुसरा माणूस आणून दे म्हणतो. "खासदारांचं पत्र मिळालं तर वकिलातीत ऐकतात म्हणे. तुम्ही लिहून द्याल?"

लिहून द्यायला काय. परराष्ट्र खात्याचं तक्रारीचं मदद पोर्टल आहे, त्यावर तक्रार टाकायची, नंबर घ्यायचा, आणि तो नंबर घालून खासदारांच्या कार्यालयात पत्र द्यायचं. पत्र वकिलातीत गेलं की तिथला माणूस निदान फोन उचलतो. पण मी त्यांना म्हटलं, हे एका पोराचं झालं. आपल्या किनाऱ्यावरची किती पोरं आखातात आहेत, आणि त्यांच्यासाठी जो कायदा आहे तो १९८३ सालचा. दहावी न झालेल्या पोराला अठरा देशांत जायला सरकारची परवानगी लागते, ती त्याला फसवू नये म्हणून. तरी फसतोच. तर खासदाराला पत्र मागू या आणि एक प्रश्नही विचारायला सांगू या, सभागृहात.

"कोण विचारतो आपला प्रश्न?"

"सांगून तर बघू. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतो. बिनतारेचे २३०, त्यांना लेखी उत्तर मिळतं. आपल्याला लेखीच बरं, कागद हातात राहतो. निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो."

भाऊंनी आतून कॅलेंडरचं जुनं पान आणि पेन आणलं. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. कुवेतमध्ये किती कामगारांनी मालकाने पासपोर्ट ठेवून घेतल्याची तक्रार केली. किती जणांना परत मिळाला. वकिलातीने काय केलं. कायदा बदलण्याचा विचार आहे का. वहिनी माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. अक्षर लावत लावत शेवटापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, ह्यात जोर नाही. लिहा की कुवेतवाले आमच्या पोरांना गुलामासारखे राबवतात.

"तसं लिहिता येत नाही. नियम आहे, मित्रदेशाबद्दल अनादराने प्रश्न विचारायचा नाही. अध्यक्ष फेटाळतील."

"मित्रदेश?"

"मित्रच. तेल येतं तिथून."

वहिनींनी थोडा विचार केला. "मालकाबद्दल लिहिलं तर चालेल? तो काही देश नाही."

नियमात मालकाबद्दल काही वाचल्याचं मला आठवेना. मी लिहिलं, 'मालकांकडून होणारी पिळवणूक'. वहिनी म्हणाल्या पिळवणूक नको, ते पेपरातलं वाटतं, 'छळ' लिहा. छळ लिहिलं. मग भाऊ म्हणाले, खाली दोन्ही घरांच्या सह्या करू, आणि वाडीतल्या ज्यांची ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांच्याही घेऊ. अधिवेशन जुलैच्या मध्यावर बसेल असं धरलं तर जूनच्या अखेरीपर्यंत कागद कार्यालयात पोचला पाहिजे.